चाकांवरचे घर: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळी कॅराव्हॅन (मोटारीमागे ओढून न्यायचे घर) आणि मोटरहोम (स्वतःच्या इंजिनावर चालणारे घर) या विषयावर प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रांचा रोख 'गाडीत किती जण झोपतील' याकडे होता. गोव्यात राहून गोव्यात आणि आसपास फिरायचे असेल, तर त्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते: रात्री गाडी उभी कुठे करणार? त्या जागेपर्यंतचा रस्ता किती रुंद आहे, तिथे वीज आणि पाणी मिळते का, संडासाची टाकी कुठे रिकामी करता येईल, यावर गाडीचा प्रकार ठरतो. खालची उत्तरे हे धरूनच लिहिली आहेत.

प्रश्न: आम्ही पाच जण आहोत: नवरा-बायको, दोन मुले आणि सासूबाई. क्लास ए, बी, सी असे प्रकार वाचनात आले. ट्रेलरचेही चार-पाच प्रकार दिसतात. दिवाळीच्या सुट्टीत मालवण, बेळगाव, गोकर्ण असे फिरायचा विचार आहे. यांतले आम्हाला काय चालेल? (डिचोलीच्या एक वाचक)

ए, बी, सी ही अमेरिकी विभागणी आहे आणि अक्षरांचा क्रम आकाराप्रमाणे लागत नाही, त्यामुळे गोंधळ होतो. 'बी' म्हणजे कारखान्यातून आलेली व्हॅन. तिचा पत्र्याचा सांगाडा तसाच ठेवून आत बिछाना, ओटा आणि फ्रिज बसवलेला असतो. लांबी साधारण साडेपाच ते साडेसहा मीटर. 'सी'मध्ये चालकाची केबिन मूळचीच राहते, पण मागे चासीवर वेगळी खोली बांधलेली असते आणि बहुधा केबिनच्या डोक्यावर एक बिछाना पुढे आलेला असतो. 'ए' म्हणजे बस किंवा ट्रकच्या उघड्या चासीवर पुढच्या काचेपासून सगळे नवे बांधलेले घर. ही गाडी आठ मीटरपासून बारा-तेरा मीटरपर्यंत जाते.

ओढून न्यायच्या प्रकारांत ट्रॅव्हल ट्रेलर हा नेहमीचा. पॉप-अपच्या भिंती कापडी असतात आणि त्या घडी होतात. टीअरड्रॉपमध्ये फक्त दोघांचा बिछाना आणि मागे झाकण उघडले की ओटा. फिफ्थ व्हीलचा जोड पिकअपच्या हौद्यात, मागच्या आसाच्या वर असतो, त्यामुळे तो साध्या मोटारीला लागतच नाही. पिकअपच्या हौद्यात ठेवायची सुटी खोली म्हणजे ट्रक कॅम्पर. ती पायांवर उभी करून खालून पिकअप काढून घेता येते.

तुमच्यासाठी आमची शिफारस साध्या व्हॅनची, म्हणजे 'बी'ची आहे: उंच छताची, फोर्स ट्रॅव्हलर, अर्बानिया किंवा टाटा विंगर यांसारख्या गाडीवर बांधलेली. 'सी' आतून ऐसपैस वाटते, पण व्हॅनपेक्षा रुंद असते आणि आपल्या गावांतल्या चिऱ्यांच्या गडग्यांमधून जाताना तो अर्धा फूट जाणवतो. 'ए' प्रकारची गाडी हमरस्त्यावर छान चालते. पण वाड्यावर जाणाऱ्या वाटेवर समोरून बस आली, तर मागे घ्यायला जागा नसते.

गाडी बघायला जाल तेव्हा दोन वेगळे आकडे विचारा: किती जण झोपतात आणि किती जण पट्टा लावून बसतात. चौघांच्या बिछान्याच्या गाडीत पट्ट्याच्या जागा तीनच असू शकतात. चालत्या गाडीत बिछान्यावर किंवा आडव्या बाकावर बसलेल्या माणसाला जोराच्या ब्रेकमध्ये धरायला काही नसते. तुम्हाला पट्ट्याच्या पाच जागा हव्यात. मग पाच जणांना निजायला एखादा तंबू बाहेर लावावा लागला तरी चालेल. सासूबाईंसाठी बिछाना खालचा आणि जाग्यावरचा असावा. रोज टेबल काढून जोडायचा नको. दाराशी जमिनीपासून तळापर्यंतची उंची मोजा. ती ४० सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर घडीची पायरी आणि हाताला धरायची दांडी लावून घ्या. उघडून वर उचलायच्या छतातला बिछाना मुलांसाठी ठीक आहे.

आता मागचा लोंबता भाग. मागच्या चाकाच्या मध्यापासून गाडी मागे किती येते, त्याला ओव्हरहँग म्हणतात. नियमाने तो व्हीलबेसच्या ६० टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये, पण फेरीबोटीसाठी तेवढाही जास्त होतो. शेपूट २ मीटर आणि जमिनीपासून उंची २५ सेंटिमीटर असेल, तर गाडी फक्त ७ अंशांचा चढ-उतार सहन करते. तेच शेपूट १.२ मीटर असेल तर जवळपास १२ अंश. ओहोटीला दिवाडी किंवा चोडण बेटाच्या धक्क्यावर बोटीची फळी आणि उतार यांच्यात जो कोन होतो, तिथे लांब शेपटाच्या गाडीची पाण्याची टाकी, नळी किंवा पायरी आधी घासते. आमचा आग्रह हा की सौदा करण्यापूर्वी टेप घेऊन ही दोन मापे घ्याच.

उंचीही मोजून चालकाच्या समोर चिकटवून ठेवा, छतावरच्या एसीसकट. गावातल्या लोंबत्या तारा आणि फणसाच्या फांद्या यांचा हिशेब त्या आकड्याने होतो.

प्रश्न: माझ्याकडे छोटी एसयूव्ही आहे. मागे हलकी कॅराव्हॅन जोडून चोर्ला घाटाने बेळगावला जाता येईल का? (फोंड्याहून एक वाचक)

आधी गाडीसोबत मिळालेले पुस्तक उघडा. त्यात ओढण्याची क्षमता किलोत दिली नसेल, किंवा ओढू नये असे लिहिले असेल, तर विषय तिथेच संपला. बाजारात मिळणारा हुक बोल्टने कुठेही बसतो, पण क्लच, ब्रेक आणि थंडावा यांची तयारी कंपनीने केलेली नसते. अपघात झाला तर विम्याचाही वाद होतो.

आकडा दिला असेल तर तो झाला कायद्याचा वरचा टोक. नव्या चालकाने भरलेल्या कॅराव्हॅनचे वजन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवावे, असा युरोपात रूढ सल्ला आहे. घाटासाठी आम्ही तो आणखी खाली आणू: १,२०० किलोच्या गाडीमागे भरून ७०० ते ७५० किलो, त्याहून जास्त नाही. आणि या वजनालाही ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत. ओव्हररन ब्रेकमध्ये ट्रेलर पुढे ढकलला गेला की जोडातली दांडी आत सरकते आणि ब्रेक लागतो. हा प्रकार साधा आणि भरवशाचा आहे.

सगळ्यात जास्त चुकते ते सामान भरताना. जोडाच्या गोळ्यावर खाली पडणारे वजन ट्रेलरच्या एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के असावे. ७५० किलोला ते ३७ ते ५२ किलो होते. मोजायला सोपे आहे: ट्रेलर सपाट जागी उभा करून चाकांना गुटके लावा, जोडाखाली योग्य उंचीचा लाकडी ठोकळा उभा करा आणि ठोकळ्याखाली घरातला वजनकाटा ठेवा. वजन कमी आले तर मागचे सामान आसाजवळ आणा. पाण्याचे कॅन मागच्या खणात ठेवले की जोड हलका होतो आणि उतारावर ट्रेलर शेपटासारखा डोलू लागतो. डोलायला लागला तर ॲक्सिलरेटर हळू सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, जोरात ब्रेक मारू नका आणि वेग वाढवून सरळ करायचा प्रयत्नही करू नका.

जोडाचे माप तपासा. युरोपी गोळा ५० मिलिमीटरचा, अमेरिकी दोन इंची म्हणजे ५०.८ मिलिमीटरचा. दोन इंची वाटी ५० च्या गोळ्यावर सैल बसते आणि खड्ड्यात उडते. उलटे केले तर वाटी पुरती बसतच नाही, वरून मात्र बसल्यासारखी दिसते. सुरक्षेची साखळी किंवा जोड सुटला तर ट्रेलरचा ब्रेक लावणारी वायर वेगळी हवीच.

चोर्ल्याच्या वळणांवर ट्रेलरची चाके गाडीच्या चाकांपेक्षा आतून जातात. म्हणून वळण रुंद घ्यावे लागते, आणि समोरच्या मार्गिकेत न घुसता ते जमत नसेल तर थांबून वाट द्यावी लागते. उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. ट्रेलर मागे घ्यायचा सराव आधी एखाद्या मोकळ्या मैदानावर चार-पाच तास करा. ट्रेलरची नोंदणी आणि क्रमांक वेगळा असतो, हेही खरेदीआधी आरटीओत विचारून घ्या.

इतके वाचून उत्साह टिकला तर पॉप-अप बघा. घडी केल्यावर तो गाडीच्या काचेखाली राहतो, वारा कमी धरतो आणि मागचे दिसते.

प्रश्न: जुनी ट्रॅव्हलर घेऊन म्हापशातल्याच गॅरेजमध्ये बिछाना, ओटा, गॅस बसवून घेतला तर स्वस्त पडेल. कायद्याने चालते का? (म्हापशाहून एक वाचक)

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून गाडी बदलता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. गॅरेजने छप्पर कापले, आसने काढली, गॅसची जोडणी केली आणि आरसी पुस्तकात तीच प्रवासी गाडी राहिली, तर दंड, जप्ती आणि विमा नाकारला जाणे हे तिन्ही धोके आहेत. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळे मानक आहे. त्याप्रमाणे मंजुरी असलेल्या बांधणाऱ्याकडूनच गाडी घ्या आणि आरसीवर वाहनाचा वर्ग 'मोटर कॅराव्हॅन' किंवा 'कॅम्पर व्हॅन' असा आहे का ते पाहा.

स्वस्तात हौस भागवायची असेल तर कायमचे काही न बसवता सुटा कॅम्पिंग बॉक्स वापरा: प्लायवूडची पेटी, वर घडीचा बिछाना, मागे सरकता ओटा, मूळच्या हुकांना पट्ट्याने घट्ट बांधलेली. ती सामान ठरते, बदल ठरत नाही. मात्र तिचे वजन ६०-७० किलोच्या आत ठेवा, आणि गॅस गाडीच्या आत पेटवू नका.

परवान्याची चिंता बहुतेकांना नको तितकी असते. एकूण भरलेले वजन ७,५०० किलोपर्यंत असेल तर हलक्या मोटार वाहनाचा परवाना चालतो. काळजी खरी वजनाची आहे. पाणी, गॅस, माणसे, सामान सगळे भरून एकदा वजनकाट्यावर जा. खाणपट्ट्यात आणि औद्योगिक वसाहतींजवळ असे काटे सापडतात. आधी पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाके काट्यावर घेऊन मागच्या आसाचे वजन वेगळे काढा. एकूण वजन बसते पण मागचा आस जास्त भरलेला, असे वारंवार दिसते. त्यातून टायर फुटतात.

प्रश्न: १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी आणि २०० वॅटचे सोलर पॅनेल घेतले तर फ्रिज, पंखे आणि रात्री एसी चालेल का? (मडगावहून एक वाचक)

फ्रिज आणि पंखे चालतील, तेही जेमतेम एक दिवस. एसी चालणार नाही. हिशेब मांडून दाखवतो.

लिथियम फॉस्फेट बॅटरी १२.८ व्होल्टची, म्हणजे १०० अँपिअर-अवर गुणिले १२.८ मिळून १,२८० वॅट-अवर. त्यातले ९० टक्के वापरायचे धरले तर सुमारे १,१५०. आता खर्च. ४५ लिटरचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज ४५ वॅट घेतो आणि आपल्या उकाड्यात दिवसातला अर्धा वेळ चालतो: ५४०. दोन पंखे, २५ वॅटचे, ९ तास: ४५०. दिवे ६०, पाण्याचा पंप २०, फोन आणि लॅपटॉप १५०. बेरीज १,२२०. म्हणजे पहाटे फ्रिज बंद पडेल आणि आतले बांगडे वास मारू लागतील. २०० अँपिअर-अवर घ्या. शिशाची बॅटरी घ्यायची असेल तर तिच्यातली निम्मीच क्षमता वापरायची असते, नाहीतर दोन वर्षांत ती जाते.

पॅनेल छतावर आडवे असते. स्वच्छ उन्हात २०० वॅटचे पॅनेल दिवसाला ७०० वॅट-अवरच्या आसपास देते. पण गोव्यात आपण सावली शोधतो. माडाच्या झावळीची पट्टी पॅनेलच्या एका कोपऱ्यावर आली तरी उत्पादन कितीतरी पटीने पडते, कारण आतले सेल एकापाठोपाठ जोडलेले असतात. आणि माडाखाली गाडी उभी करूच नका. नारळ पॅनेलही फोडतो आणि छतही. सुटे घडीचे पॅनेल लांब वायरीने उन्हात ठेवणे हा चांगला मार्ग.

गाडी चालताना चार्ज करायला थेट वायर जोडू नका. लिथियम बॅटरी रिकामी असली की मिळेल तितका प्रवाह ओढते आणि अल्टरनेटर तापून जळतो. मधे ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर हवा. अडीच-तीन तासांच्या प्रवासात तो १ युनिटच्या आसपास भरून देतो. वायर जाड हवी: बॅटरी ५ मीटर अंतरावर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर तांबे होते. ६ चौरस मिलिमीटरच्या वायरीत ३० अँपिअरला जवळपास ०.९ व्होल्ट वाटेतच जातात, १६ चौरसच्या वायरीत ०.३. दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकाशी, वीतभर अंतरात, फ्यूज लावा. तो मधेच कुठेतरी असला तर बॅटरीपासून फ्यूजपर्यंतची वायर घासली जाऊन आग लागू शकते.

एसीचा हिशेब: १ टनाचा इन्व्हर्टर एसी सरासरी ७०० वॅट धरला तर ८ तासांना ५,६०० वॅट-अवर, इन्व्हर्टरचा तोटा मिळवून ६,३०० च्या आसपास. म्हणजे ९० टक्के वापर धरून जवळपास ५५० अँपिअर-अवरची बॅटरी फक्त एसीसाठी. त्यापेक्षा मुक्कामाच्या जागेची वीज घ्या. २.५ चौरस मिलिमीटरची तीन तारांची केबल, २० मीटरपर्यंत, १६ अँपिअरचा सॉकेट. केबल गुंडाळलेली ठेवून एसी लावू नका, गुंडाळीत ती तापून वितळते. गाडीत ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (गळणारी वीज ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. जुन्या घरांत अर्थिंग नुसते सॉकेटच्या भोकापुरते असते, म्हणून दहा रुपयांच्या खेळण्यावर नको, चांगल्या सॉकेट टेस्टरने ते तपासा. अर्थिंग नसेल तर पत्र्याच्या गाडीला ती वीज जोडू नका.

स्वयंपाकाचे एवढेच: उकड्या तांदळाचे भात उघड्या भांड्यात शिजवायला फार वेळ लागतो, तो इंडक्शनवर बॅटरी संपवतो. तांदूळ भिजवून कुकरमध्ये घाला. हुमणाचे (माशांच्या आमटीचे) वाटण घरीच वाटून फ्रिजमध्ये न्या. ७५० वॅटचा मिक्सर सुरू होताना क्षणभर त्याच्या दुप्पट-तिप्पट ओढतो आणि छोटा इन्व्हर्टर बंद पडतो. गॅस असेल तर सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारे भोक हवे, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. त्याच कारणाने गॅसगळतीचा अलार्म जमिनीजवळ लावतात.

प्रश्न: कॅसेट टॉयलेट चार-पाच दिवस पुरते असे विक्रेता सांगतो. खरे का? (काणकोणहून एक वाचक)

तो आकडा कागद वापरणाऱ्यांचा आहे. कॅसेट, म्हणजे संडासाखालची काढून नेता येणारी टाकी, १७ ते २० लिटरची असते. आपण पाणी वापरतो. प्रत्येक वेळी जेट किंवा तांब्याचे अर्धा ते एक लिटर जास्त जाते. दोघांना ती दीड-दोन दिवस पुरते, पाच जणांना एक दिवसही नाही. दिवसा मुक्कामाच्या जागेचा किंवा पेट्रोल पंपाचा संडास वापरा आणि कॅसेट रात्रीपुरती ठेवा. सुटी जादा कॅसेट मिळत असेल तर घ्या.

ती रिकामी करायची ते सेप्टिक टँकला किंवा मलवाहिनीला जोडलेल्या कमोडमध्येच, मालकाला विचारून. व्हाळात (ओढ्यात), खाजनात (खाडीकाठच्या शेतात), मानशीजवळच्या (खाजनाच्या पाण्याच्या दाराजवळच्या) पाण्यात कधीही नाही. त्याच पाण्यात मासळी आणि मीठ होते. फॉर्मल्डिहाइड असलेले निळे औषध सेप्टिक टँकमधले जीवाणू मारते, म्हणून जैविक द्रव घ्या.

पिण्याच्या टाकीची सफाई हंगामाआधी करा. १०० लिटर पाण्यात ५ टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट १०० मिलिलिटर घाला. पंप चालवून प्रत्येक नळातून वास येईपर्यंत ते पाणी सोडा, ४ तास ठेवा आणि मग सगळे सोडून दोनदा साध्या पाण्याने धुवा. वाटेत माणशी १० ते १२ लिटर धरा. जोराचा शॉवर असेल तर तो हिशेब पहिल्याच आंघोळीत कोसळतो.

प्रश्न: किनाऱ्यावर वाळूत गाडी लावून झोपता येते का? (साखळीहून एक वाचक)

नाही. गोव्यात किनाऱ्यावर वाहन नेण्यास बंदी आहे, आणि पर्यटन स्थळी उघड्यावर स्वयंपाक करणे हाही गुन्हा आहे. वाळूत रुतलेली गाडी भरतीआधी निघाली नाही तर ती वाचत नाही. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग इथे कासवे अंडी घालायला येतात. किनाऱ्याजवळच्या आवारात थांबलात तरी बाहेरचे दिवे बंद ठेवा, कारण पिल्ले उजेडाकडे वळून समुद्राऐवजी जमिनीकडे जातात. जागा शोधताना आवार असलेली होमस्टे विचारा. फोंडा परिसरातल्या देवस्थानांच्या अग्रशाळांतही (भाविकांच्या निवासांतही) खोली घेऊन आवारात गाडी लावायची परवानगी कार्यालयात मागता येते. तिथले आहाराचे आणि वेळेचे नियम मात्र पाळायलाच हवेत.

भाड्याने गाडी घेत असाल तर पाटी पाहा. स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात, चालकासह असेल तर पिवळ्यावर काळी. पांढऱ्या पाटीची गाडी पैसे देऊन घेतली तर अपघातात विमा नाकारला जाऊ शकतो.

प्रश्न: पावसाळ्यात चार महिने गाडी उभी राहते. गेल्या वर्षी आत बुरशी आली आणि ब्रेक चिकटले. काय करावे? (पेडण्याहून एक वाचक)

मे महिन्याच्या मध्यावर छतावर चढून प्रत्येक भोक तपासा: खिडकी, पंखा, पॅनेलचे पाय, ॲन्टेना. जुने सिलिकॉन खरवडून काढा आणि फटीत ब्युटिल टेप घाला. सिलिकॉनवर पुढे दुसरे काही चिकटत नाही, म्हणून छतावर ते टाळा. ओलावा मोजायचा मीटर भिंतीच्या कोपऱ्यांना टेकवा. १५ टक्क्यांखाली ठीक, २० च्या वर गेले तर पाणी कुठून तरी आत येते आहे. आतले प्लाय बदलायची वेळ आली तर आयएस ७१० (पाण्यात टिकणारे मरीन प्लाय) शिक्क्याचेच वापरा.

गाडी पुढून थोडी उंच ठेवा, म्हणजे छतावर पाणी साचणार नाही. प्लास्टिकची ताडपत्री घट्ट बांधू नका, आतली हवा कोंडते. पत्र्याची उघडी शेड सगळ्यांत बरी. गाद्या उभ्या करा, कपाटे आणि फ्रिजचे दार उघडे ठेवा, उन्हाची उघडीप मिळाली की दारे उघडून पंखा लावा.

हँडब्रेक ओढून ठेवल्यामुळे ब्रेक चिकटले. तो सोडा, गाडी गिअरमध्ये टाका आणि चाकांना पुढून-मागून गुटके लावा. महिन्यातून एकदा दोन-चार किलोमीटर फिरवा. किनाऱ्यावरून आल्यावर खालची बाजू गोड्या पाण्याने धुवायची सवय ठेवा. खाली रबरासारखा जाड थर मारला असेल तर तो फुगलेला कुठे आहे ते बघा. त्याच्या फटीत खारे पाणी अडकते आणि आतल्या आत पत्रा खातो. त्यापेक्षा मेणासारखा थर दरवर्षी पुन्हा मारलेला बरा. ॲल्युमिनियमच्या चौकटीत साधे लोखंडी स्क्रू असतील तर काढून ३१६ दर्जाच्या स्टेनलेसचे घाला आणि सांध्यात नायलॉनचा वायसर द्या.

जाताजाता टायरच्या बाजूचा चार अंकी आकडा वाचा. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. कॅराव्हॅनचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. नक्षी नवी दिसली तरी सहा-सात वर्षांनी ते बदला.